वर्धेचा काठ आणि कापसाचा बाजार: वऱ्हाडातील सामुदायिक संस्थांचा इतिहास

अमरावतीपासून सुमारे 40 किलोमीटरांवर, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले कौंडण्यपूर आज लहानसे गाव असले, तरी प्राचीन वाङ्मयातील विदर्भाची राजधानी कुंडिनपूर ती हीच, अशी या प्रदेशाची दृढ परंपरा आहे. भीष्मक राजाची कन्या रुक्मिणी आणि नलराजाची पत्नी दमयंती या दोघींचे माहेर म्हणून या स्थळाचे नाव महाराष्ट्राच्या धार्मिक जीवनात आजही जिवंत आहे. या काठाचा आर्थिक इतिहासही तितकाच विचार करण्याजोगा आहे, कारण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेला हा काळ्या मातीचा प्रदेश एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि लिव्हरपूल या बंदरांशी इतका घट्ट बांधला गेला, की बंदरातील भाव उतरला म्हणजे नदीकाठच्या खेड्यातील चूल मंदावू लागली. बाजाराच्या या बंधनाला तोंड देण्यासाठी वऱ्हाडातील लोकांनी कोणत्या संस्था उभ्या केल्या, त्या संस्थांमध्ये निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि त्यावरून प्रदेशाच्या विकासाची दिशा कशी ठरली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. संस्था स्थापन झाल्याने विकास आपोआप होत नाही, तर ज्यांच्या श्रमातून संपत्ती निर्माण होते त्यांना त्या संस्थेत जागा मिळाली तरच ती संपत्ती प्रदेशात टिकते, हा या इतिहासातून निघणारा निष्कर्ष आहे.

प्राचीन काठ आणि श्रेणी

कौंडण्यपूरच्या टेकाडांचे उत्खनन 1960च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी केले आणि त्यातून लोहयुगापासून सातवाहन काळापर्यंतच्या वसाहतीचे पुरावे उजेडात आले. त्यामुळे पुराणकथांतील राजधानीविषयी कोणी काहीही मत बाळगले, तरी दोन हजार वर्षांपूर्वी या काठावर नांदती वस्ती होती, हे निश्चित झाले. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात विदर्भाचे राज्य दोन चुलतभावांमध्ये वाटून देताना वरदा, म्हणजे वर्धा, ही नदी सीमा ठरवली आहे. राजकीय दृष्टीने सीमा मानली गेलेली ही नदी व्यवहारात मात्र दोन्ही तीरांना जोडत राहिली आणि पुढील काळात कौंडण्यपूरच्या परिसरातील शेतमालाला नदीपलीकडच्या आर्वी व पुलगाव या बाजारांचा आधार मिळाला.

दख्खनच्या आतील भागाचा समुद्राशी असलेला व्यापारसंबंधही प्राचीनच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर या अंतर्भागातील नगरांचा माल गाड्यांमधून भडोच बंदराला जात असल्याची नोंद असून, तेरहून जाणाऱ्या मालात साधे कापड आणि तलम वस्त्र यांचा ठळक उल्लेख आहे. म्हणजे दख्खनचा कापूस तेव्हाही समुद्राकडे जात होता, परंतु तो कच्च्या मालाच्या रूपाने न जाता विणलेल्या कापडाच्या रूपाने जात होता आणि कातणाऱ्यांची व विणणाऱ्यांची मजुरी दख्खनमध्येच राहत होती.

विणकरांची संघटनाही त्या काळात प्रबळ होती. व्यावसायिकांच्या संघाला ‘श्रेणी’ म्हणत आणि अशा संघांची पत किती मोठी होती, हे नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखावरून कळते. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे 2000 आणि 1000 कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून ठेवली आणि त्यांवर दरमहा शेकडा एक व शेकडा पाऊण या दराने मिळणारे व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर गरजांसाठी लावून दिले. राजघराण्यातील पुरुषाने आपली ठेव कारागिरांच्या संघाकडे विश्वासाने सोपवावी, ही घटना पश्चिम महाराष्ट्रातील असली, तरी सामुदायिक पत ही कल्पना या भूमीला विसाव्या शतकात प्रथमच कळली असे मानता येत नाही, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

पालखीची व्यवस्था

मध्ययुगात या प्रदेशातील सामुदायिक संघटनेचे सर्वांत टिकाऊ रूप भक्तिमार्गात दिसते. कौंडण्यपूरहून आषाढी वारीसाठी पंढरपूरला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी संत सदाराम महाराजांनी 1594मध्ये सुरू केली, असे तेथील संस्थानाची परंपरा सांगते. विदर्भाच्या लेकीला माहेरहून सासरी नेणारी ही पालखी पंढरपूरच्या सोहळ्यातील मानाच्या पालख्यांमध्ये गणली जाते, तर कार्तिक महिन्यात खुद्द कौंडण्यपूरला भरणाऱ्या यात्रेला आणि दहीहंडीला वर्धेच्या दोन्ही तीरांवरील भाविक जमतात.

शेकडो किलोमीटरांची ही पायी वाटचाल चालण्यासाठी वाटेवरील प्रत्येक मुक्कामाच्या गावाला निवारा, पाणी, शिधा आणि जनावरांचा चारा यांची तजवीज करावी लागते. ही तजवीज वर्गणी, धान्यरूपाने दिलेली मदत आणि अंगमेहनत या तीन मार्गांनी होते, तिचा भार गावातील घरे आपापल्या ऐपतीप्रमाणे वाटून घेतात आणि दिंडीचा हिशेब सर्वांसमोर राहतो. लेखी करार नसताना पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली ही जबाबदारी म्हणजे ग्रामीण समाजाच्या संघटनशक्तीचा मोठाच पुरावा आहे. मात्र यात्रेसाठी एकत्र येणारा हा समाज पिकाच्या विक्रीसाठी एकत्र येत नव्हता. शेतकरी वारीला समुदायाने जात असे आणि बाजारात एकटा उभा राहत असे, हा भेद पुढील दोन शतकांचा इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे.

तांड्यापासून आगगाडीपर्यंत

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, म्हणजे पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांच्या काफिल्यांतून, बाहेर जात असे. त्याचा एक मोठा मार्ग नागपूर व जबलपूरकडून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाणारा होता. अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने 1842मध्ये एक लाख बैलांवर कापूस लादून कलकत्त्याकडे पाठवल्याची आख्यायिकावजा नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे. त्या आकड्यात अतिशयोक्ती असली, तरी त्यातून या बाजाराची तत्कालीन ख्याती कळते. मुंबईकडचा रस्ता घाटांमुळे अवघड असूनही 1820च्या दशकात विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी व्यापारी बंधूंनी वऱ्हाडचा कापूस मुंबईला पाठवण्यास प्रारंभ केला आणि पुढे खामगाव व इतर ठिकाणी कापूस दाबण्याचे हातस्क्रू बसवले.

1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत ब्रिटिशांच्या हवाली केला आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत येथील अर्थव्यवस्थेची घडी पूर्णपणे बदलली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला आणि त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा आणि पुलगाव असा वऱ्हाड व वर्धा खोरे ओलांडून 1867मध्ये नागपूरला पोहोचला, 1869मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि 1870मध्ये मुंबई व लंडन यांच्यामध्ये समुद्राखालून तारायंत्राचे दळणवळण सुरू झाले. या तीन घटनांमुळे लिव्हरपूलचा भाव त्याच आठवड्यात खामगावला कळू लागला. जागतिक व्यापारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीवरून ‘उमरा’ हे नाव पडले आणि मुंबईच्या वायदेबाजारात, म्हणजे पुढील तारखेच्या मालाचा भाव आधी ठरवणाऱ्या बाजारात, ते प्रमाण मानले गेले.

युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीच्या वर्षांत कर्ज काढून जमीन, बैल आणि दागिने घेतलेल्या कुटुंबांवर त्या कर्जाचे ओझे राहिले. वऱ्हाडात ब्रिटिशांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत आणली होती, ज्यात शेतकरी सरकारला थेट सारा भरणारा खातेदार ठरतो आणि त्याची जमीन विकता किंवा गहाण टाकता येते. जमीन गहाण टाकण्याचा हक्क मिळाल्याने शेतकऱ्याला कर्ज सुलभ झाले आणि त्याच वाटेने जमीन सावकाराकडे जाऊ लागली. खळ्यावरचा कापूस घरी येण्यापूर्वीच तो सावकाराला किंवा अडत्याला, म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकून त्यावर अडत घेणाऱ्या मध्यस्थाला, बांधलेला असे.

रेल्वेचे जाळे नंतरही वाढत राहिले. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने 1910मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळपर्यंत आणि पुलगावहून आर्वीपर्यंत अरुंद मार्ग बांधले. यांपैकी अचलपूर व यवतमाळ यांच्याकडे जाणाऱ्या गाडीला लोक पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले. आर्वीचा मार्ग 1917मध्ये पूर्ण झाल्यावर कौंडण्यपूरच्या परिसरातील कापसासाठी रेल्वे नदीच्या पलीकडच्या तीरावर येऊन उभी राहिली. माल बंदराकडे नेण्याची सोय अशा रीतीने पूर्ण झाली, परंतु मालाचा मोबदला शेतकऱ्याच्या हाती राखण्याची सोय अद्याप व्हायची होती.

बाजार समितीचा जन्म

जुन्या कापूसबाजारात शेतकऱ्याची लूट अनेक वाटांनी होत असे. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत असल्याने दलाल आणि खरेदीदार यांच्यामध्ये काय ठरले ते माल आणणाऱ्याला कळत नसे. तोलाईच्या वेळी वजन कमी भरे, ओलावा किंवा कचरा यांच्या नावाखाली ‘कटती’ घेतली जाई, आणि अडत, दलाली, हमाली, तोलाई व धर्मादाय अशा कपातींनंतर हाती येणारी रक्कम ठरलेल्या भावापेक्षा बरीच कमी असे. त्यात गावचा मण, रुईचा बोजा आणि मुंबईची 784 पौंडांची खंडी ही मापे वेगवेगळी असल्याने सामान्य शेतकऱ्याला हिशेब पडताळणे अशक्यप्राय होते.

या गोंधळाला नियमाखाली आणण्याचा देशातील पहिला प्रयत्न वऱ्हाडातच झाला, ही या प्रदेशाच्या इतिहासातील अभिमानास्पद बाब आहे. वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबाद येथील रेसिडेंटच्या देखरेखीखाली चाले. त्याच्या आदेशान्वये 1886मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे हिंदुस्थानातील पहिली नियंत्रित कापूसबाजारपेठ अस्तित्वात आली. त्यानंतर 1897मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार बाजाराची जागा निश्चित झाली, दलाल, मापारी आणि खरेदीदार यांना परवाने आवश्यक ठरले, कपातींचे दर ठरवून देण्यात आले, प्रमाणित वजने वापरण्याचे बंधन आले आणि देखरेखीसाठी बाजार समिती नेमण्यात आली. मुंबई इलाख्याने 1927मध्ये कापूसबाजाराचा कायदा केला तेव्हा त्यामागे वऱ्हाडचा हा तीस वर्षांचा अनुभव होता आणि आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळही तेथपर्यंत मागे नेता येते.

या कायद्यात एक मूलभूत उणीव मात्र राहिली. बाजार समितीत व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी बहुसंख्य होते, काही जागा नगरपालिकेकडे होत्या आणि कापूस पिकवणाऱ्यासाठी राखीव जागा नव्हती. वजनकाटा तपासला जाऊ लागला, तरी कोणता काटा वापरावा, कोणती कटती योग्य आणि तक्रारीचा निकाल कसा द्यावा, हे ठरवणारे लोक खरेदीदारांच्याच वर्तुळातील होते. शेतीविषयक शाही आयोगाने 1928च्या अहवालात वऱ्हाडच्या बाजारपद्धतीची दखल घेतली, तेव्हा उत्पादकांच्या प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न चर्चेत आला, आणि 1932मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड यांच्यासाठी झालेल्या नव्या कापूसबाजार कायद्याने शेतकऱ्यांना समितीत स्थान देण्याची वाट मोकळी केली. पहिल्या बाजारपेठेपासून त्या जागेपर्यंत पोहोचण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले.

याच काळात बंदरातील व्यापारी किती वेगाने संघटित झाले, हे पाहिल्यावर या विलंबाचे गांभीर्य कळते. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांची संघटना 1875मध्ये स्थापन झाली होती, 1921मध्ये ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन ही व्यापक संस्था उभी राहिली आणि शिवडीजवळ कापसाची गोदामे व सौदेगृह यांचा जो भव्य विस्तार झाला, त्याची आठवण ‘कॉटन ग्रीन’ या स्थानकाच्या नावात टिकून आहे. मालाची प्रत, वायद्याचे नियम आणि वाद मिटवण्याची पद्धत समुद्रकाठच्या संघटनांनी ठरवली. नदीकाठच्या उत्पादकाला त्या नियमांचे पालन करावे लागले आणि ते घडवण्यात त्याचा वाटा नव्हता. समुद्रकाठची समृद्धी आणि वऱ्हाडचे कर्ज ही एकाच व्यवहाराची दोन अंगे होती आणि या दोहोंमधील अंतर संघटनेच्या अंतराएवढे होते.

बियाणे संघ, पतपेढ्या आणि मंदी

1904च्या कायद्याने हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांना कायदेशीर मान्यता मिळाली. जर्मनीतील रायफायझन याने खेड्यांमध्ये उभारलेल्या पतसंस्थांचा आदर्श या कायद्यासमोर होता. एका गावातील, एकमेकांना ओळखणाऱ्या सभासदांनी सामुदायिक जबाबदारीवर कर्ज उभारावे आणि ते परस्परांच्या देखरेखीखाली फेडावे, हे त्याचे सूत्र होते. 1912च्या दुरुस्त कायद्याने पतपुरवठ्याखेरीज खरेदी, विक्री व इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या आणि वऱ्हाडात गावोगावच्या सोसायट्या व त्यांना भांडवल पुरवणाऱ्या मध्यवर्ती बँका स्थापन झाल्या.

बियाण्याच्या क्षेत्रातील प्रयोगही उल्लेखनीय आहे. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातील सरकी व रुई वेगळी करण्याच्या कारखान्यात, सर्व जातींचा कापूस एकत्र होत असल्याने शेतकऱ्याला परत मिळणारी सरकी भेसळीची असे आणि ‘बनी’सारखी लांब धाग्याची जुनी जात त्यामुळे मागे पडत गेली. जाड्याभरड्या पण भरपूर रुई देणाऱ्या ‘जरी’चा पेरा वाढत गेला, कारण बाजारात धाग्याच्या लांबीपेक्षा रुईच्या वजनालाच अधिक पैसा मिळत होता. विसाव्या शतकाच्या आरंभी शेती खात्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचे बियाणे संघ निघाले. निवडलेल्या शेतावर शुद्ध बियाणे वाढवून ते सभासदांना पुरवायचे आणि त्यांचा कापूस वेगळा ठेवून विकायचा, अशी त्यांची पद्धत होती. उत्पादनाची प्रत सुधारण्यासाठी शेतकऱ्यांनी एकत्र यावे हा विचार या संघांनी रुजवला आणि शेतीशास्त्र व शेतकरी यांच्यातील अंतर काही अंशी कमी केले.

1929नंतरच्या जागतिक मंदीने या सर्व संस्थांची कसोटी पाहिली. कापसाचे भाव घसरल्यावर सभासदांना कर्जफेड अशक्य झाली, सोसायट्या थकल्या आणि त्यांची येणी वसूल करताना वऱ्हाडातील मध्यवर्ती बँकांकडे शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आल्या. सावकारापासून जमीन वाचवण्यासाठी काढलेल्या संस्थेच्याच ताब्यात जमीन जावी, हा अनुभव दुःखद होता. त्याचे कारण शेतकऱ्यांच्या अप्रामाणिकपणात शोधणे अन्यायाचे ठरेल, कारण कर्ज सामुदायिक झाले होते आणि विक्री वैयक्तिकच राहिली होती. पिकाच्या भावावर काहीही ताबा नसलेली पतसंस्था भाव कोसळताच स्वतःही कोसळते, हा धडा त्या दशकाने दिला.

पंजाबराव देशमुख आणि शेतकऱ्यांची संघटना

या पार्श्वभूमीवर डॉ. पंजाबराव देशमुख यांचे कार्य समजून घ्यावे लागते. 27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव इंग्लंडमधील उच्च शिक्षण संपवून 1926मध्ये परतले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शेतकरी संघाची उभारणी केली. परंपरेने रुक्मिणीहरणाशी जोडलेल्या अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्या समाजाला प्रवेश मिळावा म्हणून 1927मध्ये झालेल्या सत्याग्रहात त्यांचा पुढाकार होता. मंदिर, शाळा आणि बाजार या सार्वजनिक जागांवर सर्वांचा हक्क असावा, ही एकच भूमिका त्यांच्या या दोन्ही कामांमागे होती.

1930मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात गेल्यानंतर त्यांनी कर्जबाजारी शेतकऱ्याच्या प्रश्नाला हात घातला आणि 1933च्या कर्ज-तडजोड कायद्यासाठी, ज्याला वऱ्हाडात ‘कर्जलवाद’ म्हणून ओळखले गेले, त्यांनी आपली शक्ती पणाला लावली. या कायद्यान्वये नेमलेल्या मंडळांपुढे सावकार व शेतकरी यांना आणून कर्जाची वाजवी रक्कम ठरवली जाई आणि ती हप्त्यांनी फेडण्याची मुभा दिली जाई. एकटा शेतकरी सावकारापुढे उभा राहतो तेव्हा कागद सावकाराचा असतो, आणि मंडळापुढे उभा राहतो तेव्हा त्या कागदाची छाननी होते, हे या व्यवस्थेचे सामर्थ्य होते.

कागद वाचता येत नाही तोपर्यंत कायद्याचा उपयोग मर्यादितच राहतो, याची जाणीव असल्यानेच त्यांनी शिक्षणाकडे आर्थिक कार्य म्हणून पाहिले. त्यांनी उभारलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने अमरावतीपासून वऱ्हाडच्या खेड्यांपर्यंत शाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालये काढली, आणि ज्या घरांत पूर्वी कोणी पाटी हाती धरली नव्हती त्या घरांतील मुले बाजार समिती, सहकारी बँक व जिल्हा कौन्सिल यांचे कामकाज चालवू लागली. स्वातंत्र्यानंतर 1952 ते 1962 या काळात केंद्रीय कृषिमंत्री असताना त्यांनी 1955मध्ये भारत कृषक समाजाची स्थापना केली आणि 1959–60च्या हिवाळ्यात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. 10 एप्रिल 1965 रोजी त्यांचे निधन झाले आणि 1969मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले.

गाव हेच केंद्र मानणारे प्रयत्न

कायदा आणि शिक्षण यांच्याबरोबरच वऱ्हाडात गावाच्या अंगभूत शक्तीवर भर देणारी एक धारा वाहत होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी पूर्णेकाठच्या ऋणमोचन येथून आपल्या कार्याला प्रारंभ केला आणि यात्रेकरूंसाठी घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारताना लोकांची वर्गणी आणि लोकांचे श्रम यांनाच भांडवल मानले. सणावारी व लग्नात कर्ज काढू नये, पैसा मुलांच्या शिक्षणाला लावावा, हा त्यांच्या कीर्तनांतील उपदेश सावकारी पाशात अडकलेल्या प्रदेशासाठी थेट आर्थिक अर्थ बाळगणारा होता.

कौंडण्यपूर ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मोझरी येथे तुकडोजी महाराजांनी 1935मध्ये गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना, ग्रामसफाई, श्रमदान आणि व्यसनमुक्तीचे कार्य उभारले, आणि 1955मधील ‘ग्रामगीता’ या 41 अध्यायांच्या ग्रंथात महाराजांनी शेती, ग्रामोद्योग, आरोग्य, शिक्षण व निवडणुकीतील विवेक यांचा एकत्र विचार मांडला. भक्तीसाठी जमणाऱ्या समाजाची शक्ती गावाच्या भौतिक उन्नतीकडे वळवण्याचा हा प्रयत्न होता. पालखी आणि बाजार यांच्यात जो दुरावा अनेक शतके राहिला होता, तो ओलांडण्याची दिशा या विचाराने दाखवली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

एकाधिकार योजना आणि तिचा धडा

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर कापसाच्या विक्रीचा प्रश्न मुळापासून सोडवण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी योजना होय. 1971च्या कायद्यानुसार 1972–73च्या हंगामापासून राज्यातील सर्व कापूस राज्य सहकारी पणन महासंघामार्फतच खरेदी करण्याची व्यवस्था झाली. शेतकऱ्याला हमीभाव द्यायचा, कापसाच्या गाठी करून त्या विकायच्या, नफा झाल्यास तो शेतकऱ्यांमध्ये वाटायचा आणि त्यातील काही भाग भावातील चढउतार सोसण्यासाठी निधी म्हणून राखायचा, अशी तिची रचना होती. सरकी, रुई आणि गाठ या तिन्ही टप्प्यांवरील मूल्यवाढ प्रथमच उत्पादकाच्या हिशेबात आणणारी ही कल्पना धाडसी होती आणि तिने खेड्यातील खासगी व्यापाऱ्याच्या मनमानीला बराच काळ आळा घातला.

योजनेचा हमीभाव मात्र महासंघात ठरत नव्हता. तो मंत्रालयात, अनेकदा राजकीय निकडीनुसार, ठरत होता. ग्रेडरच्या, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, निर्णयाविरुद्ध शेतकऱ्याला दाद मागणे कठीण जाई, खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत आणि चुकारा, म्हणजे दिलेल्या मालाचे पैसे, हप्त्यांनी व उशिरा मिळे. 1980च्या दशकात शेतकरी संघटनेने विदर्भात केलेल्या कापूस आंदोलनांमागे हाच असंतोष होता. 1990च्या दशकात महासंघाचा तोटा वाढत गेला आणि 2002नंतर खासगी खरेदी खुली होऊन एकाधिकार संपुष्टात आला. त्याच काळात कर्जबाजारी कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांनी विदर्भ हादरला, आणि शंभर वर्षांपूर्वीचा पत व भाव यांचा प्रश्न अधिक भीषण रूपात पुन्हा समोर आला.

या संपूर्ण इतिहासात एक घटक सातत्याने संस्थांच्या बाहेर राहिला, याचीही नोंद येथे केली पाहिजे. कापसाची वेचणी प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि वेचलेल्या कापसाच्या वजनावर किंवा त्याच्या ठरावीक हिश्श्यावर त्यांची मजुरी ठरत आली आहे. बाजार समितीत व्यापारी होते, नंतर खातेदार आले, सहकारी सोसायटीत जमीन नावावर असलेला सभासद झाला, परंतु जिचे नाव सातबाऱ्यावर नाही त्या वेचणाऱ्या मजूर स्त्रीला यांपैकी कोणत्याच संस्थेत मत नव्हते. उत्पादकाचे प्रतिनिधित्व म्हणजे केवळ जमीनधारकाचे प्रतिनिधित्व, हा समज विसाव्या शतकातील शेतकरी चळवळीनेही पुरेसा तपासला नाही.

कौंडण्यपूरच्या परिसरात आज सिंचनाची नवी साधने आली आहेत. वर्धेवर मोर्शीजवळ बांधलेल्या ऊर्ध्व वर्धा धरणाच्या जलाशयाला ‘नल-दमयंती सागर’ हे नाव देऊन शासनाने प्राचीन परंपरेचे स्मरण ठेवले आहे आणि वरूड-मोर्शीचा संत्रापट्टा देशभर प्रसिद्ध आहे. पाणी आल्याने पीक बदलते, परंतु संत्रा असो, सोयाबीन असो वा कापूस, त्याच्या विक्रीचे नियम कोणी ठरवायचे हा प्रश्न पीक बदलल्याने सुटत नाही. कारंजाच्या बाजारपेठेने तोल नियमित केला, सहकाराने पत दिली, कर्ज-तडजोड मंडळांनी सावकाराचा कागद तपासला, शाळांनी तो वाचण्याची क्षमता दिली आणि एकाधिकार योजनेने मूल्यवाढीचा मार्ग दाखवला. यांतील प्रत्येक प्रयत्न जेथपर्यंत उत्पादकाच्या हाती राहिला तेथपर्यंत यशस्वी झाला आणि जेथे निर्णय व्यापाऱ्याकडे, अधिकाऱ्याकडे किंवा मंत्र्याकडे गेला तेथे तो खुंटला. म्हणून वऱ्हाडात यापुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शेतकरी कंपनीची, सहकारी संस्थेची आणि बचतगटाच्या महासंघाची पारख तिच्या उलाढालीवरून करण्याआधी तिच्या सभेत खातेदार, कूळ आणि वेचणारी मजूर स्त्री यांना मत आहे की नाही, यावरून करावी लागेल. शतकभराच्या अनुभवाने वऱ्हाडला दिलेली ही कसोटी आहे आणि ती वापरण्याची जबाबदारी आजच्या पिढीची आहे.